पाचशेच्या खाली

गिऱ्हाईक स्वतःच रोगाचं नाव घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. लातुरात औसा रोडला गॅरेज टाकून मला बावीस वर्षं झाली. आता जो तो मोबाईलवर व्हिडिओ बघून येतो आणि मलाच शिकवतो. इंजेक्टर धुवा, सेन्सर बदला, अमकं काढा, तमकं लावा. मी मनात म्हणतो, एवढं कळतंय तर घे पाना आणि शिर गाडीखाली, मी तोवर चहा पिऊन येतो.

वैजनाथ आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत नांदेडच्या भंगार बाजारातून आणलेली थ्रॉटल बॉडी. कुठल्या तरी मोठ्या गाडीची. त्याच्या जिप्सीच्या मूळ थ्रॉटल बॉडीपेक्षा हिचं भोक चांगलं सहा मिलिमीटरनं मोठं. ही बसवून दे, म्हणाला. मी विचारलं, कशाला? लिलावात घेतलेली मिलिटरीची गाडी, अजून थेंबभर ऑइल खात नाही, उगाच तिच्या नाकात बोटं का घालायची? तर म्हणाला, पिकअप वाढवायचाय. हे खोटं होतं, पण ते मला पुढं कळलं.

वैजनाथ किल्लारीचा आणि मीही किल्लारीचाच. माझे वडील ग्यानोबा हे त्याच्या वडिलांच्या, म्हणजे शेषेराव आबांच्या शेतात सालगडी होते. मी वैजनाथपेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून तो मला आनंददादा म्हणतो. पूर्वी त्यांच्या घरातलं कुणी आमच्या घरातल्या कुणाला दादा म्हणत नसे, तेव्हा मलाही ते ऐकायला बरं वाटतं, आणि मग मी त्याला नाही म्हणू शकत नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला हवा लागते. ती ज्या तोंडातून आत जाते तिथं एक झडप असते, ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. ती झडप आणि तिचं घर म्हणजे थ्रॉटल बॉडी. पाय काढला तरी इंजिन बंद पडू नये म्हणून थोडीशी हवा आत सोडत ठेवावी लागते. अशा जागच्या जागी चालू राहण्याला पुस्तकात आयडलिंग म्हणतात, आम्ही स्लो म्हणतो. भोक मोठं केलं की झडप मिटलेली असतानाही जास्त हवा शिरते आणि स्लो बिघडतो.

झालंही तसंच. चालू केल्याबरोबर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला सोळाशेवर गेला, तिथून हजारावर पडला, परत पंधराशेवर चढला. दम लागलेल्या माणसासारखं चाललं होतं. पॅकिंगमधून हवा ओढत होती, ते नवीन कापून घातलं. झडपेच्या टेकूचा स्क्रू जुळवला, सेन्सरचा शून्य बसवला, गाडीच्या कॉम्प्युटरनं जुनी सवय विसरावी म्हणून बॅटरी अर्धा तास काढून ठेवली. दुपारी दोनच्या सुमारास काटा साडेआठशेवर येऊन बसला. बोनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी हलेना. असं काम झालं की मला स्वतःचाच अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

वैजनाथ डोळे मिटून बोनेटवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, अजून कमी कर. मी साडेसातशे केलं. अजून, म्हणाला. पोरांना गाडी धडधडती लागते हे मला माहीत आहे, मी सातशे करून दिलं आणि त्याला वाटेला लावलं. आठ दिवसांनी परत आला. अजून कमी. त्याच्यानंतरच्या आठवड्यात परत. तोवर त्यानं इंजिनाखालची रबरं बदलून कडक घातली होती आणि सायलेन्सरला जाड पाईप लावला होता, तेही दुसऱ्या कुणाकडून. मला राग आला. मी म्हणालो, गाडी पाहिजे का पिठाची गिरणी? याच्या खाली ऑइलचं प्रेशर पडतं, इंजिन खाऊन बसशील.

तो स्टुलावर बसला. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. म्हणाला, "आनंददादा, तू त्या पहाटं जागा होतास ना?"

किल्लारीच्या माणसाला कोणती पहाट हे विचारावं लागत नाही. त्र्याण्णव साल, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. मी नऊ वर्षांचा होतो. पोटात दुखत होतं म्हणून जागा होतो. आधी कुत्री गप्प झाली, मग खालून घरघर आली. ती मला कानांनी ऐकू आली असं म्हणवत नाही, दातांत ऐकू आली. आमचं घर कुडाचं, वर पत्रे. कूड कलला आणि पत्रे सरकले, बाकी काही झालं नाही. गावातल्या मोठ्या घरांच्या भिंती दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या आणि वर मातीचं माळवद, ती सगळी झोपलेल्या माणसांवर बसली. आपली दगडाची ऐपत नव्हती म्हणून आपण वाचलो, असं माझे वडील म्हणायचे. कधी हसून म्हणायचे, कधी न हसता.

शेषेराव आबांची बायको साखराबाई आणि आठ वर्षांची मुलगी सिंधू त्यात गेल्या. त्यांना माझ्या वडिलांनीच उकरून काढलं. आबा आणि पाच वर्षांचा वैजनाथ वाचले. कसे वाचले, ते साऱ्या गावाला पाठ आहे. त्या पोराला गाड्यांचं भारी वेड. पहाटे घरघर ऐकून तो उठून बसला आणि म्हणाला, आबा, गाडी आली. आबांनाही वाटलं, दारात कुणाची तरी जीप उभी आहे. पोराला कडेवर घेऊन ते बघायला बाहेर आले, अंगणात पोचले आणि मागं घर बसलं. पेपरवाले आले त्यांना आबांनी हेच सांगितलं. दरवर्षी तीस सप्टेंबरला स्मारकावर फुलं वाहून झाली की कुणी ना कुणी वैजनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हणतं, या लेकरानं बापाला वाचवलं. वैजनाथ यावरच मोठा झाला.

आता तो मला सांगत होता की त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. आणि गेली दोन वर्षं त्याला झोप नाही. त्याची मुलगी सुकन्या पाच वर्षांची झाली तेव्हा त्यानं एका पहाटे तिच्या खिडकीखाली जिप्सी चालू केली. पोरगी हलली नाही. दुसऱ्या दिवशी परत केली, तिसऱ्या दिवशी रेस केली. पोरगी ढिम्म. पाच वर्षांचं लेकरू पहाटेच्या साखरझोपेतून गाडीच्या आवाजानं उठत नाही, हे त्यानं स्वतःच्या लेकीवर ताडून पाहिलं.

"मग मी कसा उठलो?" तो म्हणाला. "का आबानं वळखलं होतं आणि मला उचललं? मला उचललं आणि त्या दोघींला ठिवलं?"

मी हातातल्या पान्याचं ऑइल पुसायला लागलो.

"तसा आवाज गाडीचा असतो का, एवढंच मला ऐकायचंय. असला तर आबा खरं बोलले. तू ऐकलेला हायस. तू सांग."

मला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं मी इंजिनं ऐकतोय, आणि तो आवाज मी एकाही इंजिनात ऐकलेला नाही. सांगायला पाहिजे होतं. पण काय सांगू? तुझा बाप खोटं बोलला? ज्या माणसाच्या बांधावर माझ्या बापाची जिंदगी गेली, त्याच्या पोराला मी हे सांगू? मी घाबरलो, हे एक. आणि दुसरं कबूल करायला लाज वाटते, पण मला आतून हौसही आली होती. मिळवता येईल का तो आवाज, हे मला बघायचं होतं. कारागिराची खोड, ती मेल्याशिवाय जात नाही. मी म्हणालो, इथं नाही व्हायचं. इथली जमीन वेगळी, खाली काँक्रीट. रविवारी तुझ्या अंगणात करू.

रविवारी दहाच्या सुमारास मी नव्या किल्लारीत पोचलो. सरकारनं बांधून दिलेली घरं एका रांगेत, सगळी एकसारखी, आता प्रत्येकानं पुढं-मागं काहीबाही वाढवलेलं. वैजनाथनं पुढं शहाबादी फरशी घातलीय आणि अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड उभं केलंय. ते शेड आबांचं. घर भूकंपाला पडत नाही असं इंजिनिअर लिहून देऊन गेले त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण आबांनी त्या घरात एक रात्र काढलेली नाही. जेवणाचं ताटही शेडमध्ये जातं. थंडीत, पावसात, पोराच्या लग्नाच्या दिवशीही ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते. गावाला त्याचं नवल नाही, असे अजून दोघंतिघं आहेत.

वैजनाथची बायको उदगीरला माहेरी डोहाळजेवणाला गेली होती. सुकन्या आत फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आबा बाजेवर बसून होते. मला बघून म्हणाले, ग्यानोबाचा ना तू? मी हो म्हणालो. ग्यानोबा लई राबला, म्हणाले, आणि परत रस्त्याकडं बघायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ ताठ.

आम्ही जिप्सी फरशीवर घेतली, इंजिन गरम होऊ दिलं. स्लो सांभाळणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो आपोआप हवा कमी-जास्त करतो. त्याचा प्लग मी काढून टाकला. आता सगळं एका स्क्रूवर. पाव फेरा ढिला केला, काटा सातशे. अजून पाव, सहाशे. इंजिनाची लय बदलली, एकेक ठोका सुटा व्हायला लागला. साडेपाचशेला शेडचा पत्रा गुणगुणायला लागला. वैजनाथ माझ्या तोंडाकडं बघत होता. मी मान हलवून नाही म्हणालो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता इंजिन बंद पडेल, मी म्हणेन, बघ, नाही होत. बात खतम.

एक शेवटचा केसभर फेरा दिला. काटा पाचशेच्या खाली गेला आणि थरथरत राहिला. गाडी बंद पडायला पाहिजे होती. पडली नाही. कडक रबरांमुळं प्रत्येक ठोका चासीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून चाकात आणि चाकातून फरशीत उतरायला लागला, आणि घरात फळीवरची भांडी एकमेकांना लागून बोलायला लागली. मग ते माझ्या तळपायातून वर आलं, गुडघ्यातून, पोटातून, आणि दातांत येऊन थांबलं. मी नऊ वर्षांचा होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं.

"हाच," मी म्हणालो.

मला ते बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. आणि खरंही होतं. वैजनाथनं दोन्ही हात बोनेटवर टेकले आणि तो रडायला लागला. आनंदानं रडत होता. म्हणजे गाडीच वाटली असणार, म्हणत होता, मला ऐकू आली असणार, आबा खरंच बोलले. मलाही इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही गाडीकडं तोंड करून उभे होतो, म्हणून शेडकडं आमचं लक्ष नव्हतं.

बाज कुरकुरली ती ऐकू आली. वळून बघतो तर आबा अनवाणी अंगण ओलांडत होते, आणि ते चालत नव्हते, पळत होते. बाहेर रस्त्याकडं नाही. घराकडं. ज्या उंबऱ्याला तीस वर्षं त्यांचा पाय लागला नव्हता तो ओलांडून ते आत गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "सिंधे, ऊठ. ऊठ बाई."

सुकन्याला छातीशी धरून ते बाहेर आले. पोरीच्या हातात अजून रंगाचा खडू होता. ती ओरडलीसुद्धा नाही, इतकी चकित झाली होती. आबांनी तिला माझ्या अंगावर टाकलं. धर, म्हणाले, आणि लगेच माघारी वळले.

वैजनाथनं दारात जाऊन त्यांना धरलं. म्हणाला, आबा, कुठं निघालात, आत कुणी न्हाई. आबा त्याला ढकलत होते. म्हातारपणीही त्या माणसाच्या अंगात केवढी ताकद होती.

"सोड. अजून एक हाय आत," आबा म्हणाले. "साखरा हाय."

"आबा, गाडी हाय ही. बघा. माझीच गाडी हाय."

आबांनी गाडीकडं पाहिलं. माझ्याकडं, माझ्या कडेवरच्या नातीकडं पाहिलं. हळूहळू त्यांच्या अंगातला जोर उतरला आणि ते दाराच्या चौकटीला टेकले. वैजनाथनं त्यांचा दंड सोडला नव्हता. त्याचा चेहरा मला दिसत होता, आणि त्याला कळून चुकलंय हेही दिसत होतं. तरी त्यानं विचारलं. मी असतो तर विचारलं नसतं.

"आबा, त्या पहाटं मी गाडी आली म्हणालो होतो का?"

इंजिन चालूच होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "तू झोपेत होतास. गाडी-बिडी काही न्हाई. धरणी हाय हे मला कळलं होतं. वरीसभर हलत होती ती, मला कळणार न्हाई का?"

"मग मलाच कामून?"

"तू हाताजवळ होतास." मग म्हणाले, "त्या दोघी भिताडाकडनं होत्या. तुला ठिवून परत येतो म्हणालो होतो."

ते कुणाला म्हणाले होते, हे वैजनाथनं विचारलं नाही. पण म्हणाले होते, म्हणजे त्या दोघींतली एक तरी जागी होती. आबांच्या छातीवर डोकं ठेवून रडावं असं वाटलं, पण माझ्या कडेवर पोरगी होती आणि मी आमच्या गावातला ग्यानोबाचा पोरगा होतो. मी जागचा हललो नाही.

वैजनाथ म्हणाला, चला आबा, भायेर चला. आबांनी त्याचा हात सोडवला.

"तू जा भायेर," ते म्हणाले. "मी हाय हितं."

मी गाडी बंद केली. सोमवारी ती लातूरला ओढून आणली, मोठी थ्रॉटल बॉडी काढली, जुनी बसवली, स्लो साडेआठशेवर आणला. तीन आठवडे झाले, वैजनाथ गाडी न्यायला आला नाही. फोन उचलत नाही. परवा त्याच्या बायकोचा फोन आला. बिचारी भांबावली होती. सांगत होती, सासरे आता घरातच झोपतात, भिंतीला लागून, सांगूनही हलत नाहीत. आणि नवऱ्यानं आपली बाज शेडमध्ये नेलीय, तो घरात पाऊल ठेवत नाही, पोरगी बोलवायला गेली तरी येत नाही. तिनं मला विचारलं, भाऊजी, त्या दिवशी तुम्ही गाडीला काय केलं?

काही नाही ताई, मी म्हणालो, स्लो जरा कमी लागला होता.